टेकडी आणि खाडीकांठ

शुभवर्तमानांतील लाजरस निदान श्रीमंताच्या दाराशीं तरी पडलेला होता. शहरांत तें दारहि गरिबाच्या आळीपासून कोसभर दूर असतें. हें अंतर ईश्वरानेंच आंखून दिलें, असें पुष्कळ भाविकांस वाटतें. आपल्या रत्नागिरीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

सन १८२२ मध्यें इंग्रज सरकारनें जिल्ह्याचें मुख्य ठाणें बाणकोटहून येथें आणिलें. साहेबलोकांचा पगार खजिन्यांतून येई. तेव्हां घर कोठें बांधावें हें त्यांस वाऱ्याची झुळूक पाहून ठरवितां आलें, व उंचवट्यावर बंगले उठले. मिरकरवाडा व राजिवडा येथील मच्छीमारांस ही मोकळीक कोठली? होडी व भरती-ओहोटी यांपासून दूर राहणें म्हणजे उपाशी राहणें. गरिबाचें घर त्याच्या कामाला दावणीसारखें बांधलेलें असतें.

बरें, टेकडीच लक्ष्मी देते म्हणावें, तर थिबा राजाचें काय? १८८६ सालीं येथें आणिलेला ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा पुढें भाट्याच्या खाडीवरील उंच जागीं बांधलेल्या राजवाड्यांत राहिला व १९१६ सालीं वारला. त्याची थोरली कन्या १९४७ सालीं याच गांवीं हलाखींत निवर्तली. टेकडी तिळभरहि खचली नव्हती. आटली होती ती मिळकत.

शेती पोटास पुरेना, तेव्हां आपले लोक मुंबईस गेले. १९११ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले दोन लक्षांहून अधिक लोक त्या शहरांत होते. ते परळ-लालबागेंतच कां राहिले? भोंगा वाजतांच पायीं गिरणी गांठतां यावी म्हणून. आणि हें परळ मूळचें दरिद्री नव्हे. तेथें खुद्द गव्हर्नरांचा प्रासाद होता! सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी तेथें पटकीनें दगावली, भोंवतीं गिरण्यांचा धूर वाढला, आणि १८८५ च्या सुमारास गव्हर्नर समुद्रावरील मलबार पॉइंटास गेले. धनिकांची वस्तीहि त्याच टेकडीवर वाढली. प्रासादांत १८९९ सालीं डॉक्टर हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. आणि ज्या भागाची हवा लाटसाहेबांस मानवली नाहीं, तेथेंच आपल्या जिल्ह्याचे गिरणीकामगार एकेका खोलींत पाळीपाळीनें निजूं लागले.