हरसूलचा बाजार आणि ग्रंथालयाची वाट



त्र्यंबकेश्वर मागे टाकून डोंगरातून पुढे गेले म्हणजे हरसूल लागते. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची ही भूमी. येथील बोहाड्याची सोंगे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हे गाव शोधू जाल, तर बहुधा रिकाम्या हाती परत याल. त्या रिकाम्या हातांविषयीच आज बोलावयाचे आहे.

समजा, हरसूलकडच्या एखाद्या मुलाला प्राध्यापकांनी सांगितले की, आपल्या भागातील १८५७ लिहून आण. मुलगा ग्रंथालयात जातो. सत्तावनावरचे जाडजूड ग्रंथ चाळतो. मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी. हरसूल कोठेच नाही. तो लिहून टाकतो, 'आमच्याकडे काही घडले नाही.' हे विधान खोटे आहे, आणि ते त्याच्या आळसामुळे खोटे ठरलेले नाही. शोधावे कसे, हे त्याला कोणी दाखविलेच नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तो १८८३ साली निघाला. पण खंड हाती आला म्हणून हरसूल सापडतेच असे नाही. त्र्यंबकेश्वर तालुका झाला १९९९ साली. सत्तावनात हरसूल पेठ संस्थानात होते. आणि पेठ हे नाव इंग्रज अशा अक्षरांनी लिहीत की वाचताना ते 'पेइंट' व्हावे! जुनी हद्द आणि जुने लेखन या दोन किल्ल्या हाती नसतील, तर सूचीचे दार उघडत नाही.

दार उघडले म्हणजे दिसते ते असे: १८५७ च्या डिसेंबरात त्र्यंबकला उठाव झाला, त्याच सुमारास हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठेतही दंगल पसरली, आणि पुढे पेठच्या राजघराण्यातील भगवंतरावांना फाशी देण्यात आले. काही घडले नाही म्हणणाऱ्या मुलाच्या भागात एवढे घडले होते.

येथे मुलाला आणखी एकदा थांबविले पाहिजे. 'लूट' हा शब्द कोणाचा? सव्वीस वर्षांनी सरकारी कागदांवरून लिहिणाऱ्यांचा. बाजारात दुकाने कोणाची होती, लुटणाऱ्यांपैकी कोण कोणाचे देणेकरी होते, हे त्या शब्दात दिसत नाही. तो शब्द जसाच्या तसा उतरविला, तर मुलगा आपल्याच पणजोबांना दरोडेखोर ठरवून मोकळा होईल; आणि रागाने पुसून 'स्वातंत्र्ययुद्ध' लिहिले, तर तेही पुराव्यावाचूनच. म्हणून पुढची पायरी: मुंबई सरकारने १९५७ साली छापलेला स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड, आणि त्यापलीकडे मुंबईचे दप्तरखाने. घरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीही टिपाव्यात; मात्र त्यांनाही कागदाइतकेच प्रश्न विचारावेत.

हे शिकविण्याची आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना बडोद्यास आणविले आणि १९११ साली ग्रंथपालनाचा वर्ग निघाला. लाहोरास डिकिन्सन यांनी १९१५ साली तसाच वर्ग घेतला. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले चौथे. परंतु ते वर्ग ग्रंथपाल घडविण्यासाठी होते. वाचकाला घडविण्याचे काम आपण परीक्षेच्या आदल्या महिन्यावर सोपविले. नाशिकचे वाचनालय १८४० पासूनचे. पण वाचनालयाचे वय वाचकाला आपोआप लाभत नाही.

माझे मागणे मोठे नाही. पदवीच्या पहिल्या सत्रात प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी मिळून चार तास घ्यावेत. व्याख्यान नको, वर्गातल्या प्रत्येकाच्या हाती आपापल्या गावाचा एक प्रश्न द्यावा. गॅझेटियर आता संगणकावरही मिळते, पण तेथेही 'पेठ' टाकून भागत नाही. पहिल्या तासाला फळ्यावर एवढेच लिहावे: तुमच्या गावाचे नाव शंभर वर्षांपूर्वी कोणत्या अक्षरांनी आणि कोणत्या तालुक्याखाली लिहीत?