प्रतिमांच्या पंक्तीत कोण?

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात मागील भिंतीवर एके काळी सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. हे काम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा व ब्राह्मी नामलेख तेवढे उरले आहेत. सिमुक, देवी नायनिका, राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर अशी ती नावे. सारी राजकुलाची आणि त्याच्या आप्तांची. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची व दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणांची जंत्री आहे. ज्यांच्या पायांनी हा व्यापारी घाट झिजला, त्यांना या पंक्तीत स्थान नाही.

कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. तेथे धेनुकाकटच्या सामि नावाच्या 'वढकी'ने दाराचे काम आपण केल्याचे कोरून ठेविले आहे. (पालीतील 'वड्ढकी', म्हणजे सुतार, तोच हा शब्द.) सिंहदत्त हा गंधिक तेथे आहे, स्तंभांवर यवन दाते आहेत. त्यांच्या प्रतिमा नाहीत, हे खरे. परंतु ज्या लेण्याच्या भिंतीवर राजाचे दानपत्र आहे, त्याच लेण्यात सुताराचे नावही आहे.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील तैलचित्रांचा विचार करताना आम्हांस हा भेद आठवतो. महात्मा गांधींचे चित्र तेथे २८ ऑगस्ट १९४७ रोजीच लागले. याच सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे तैलचित्र मात्र तेथे १२ एप्रिल १९९० रोजी, पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते अनावृत झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला. याला विस्मरण म्हणणे भोळेपणाचे होईल. शिल्पकार वाघ यांनी घडविलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी २ एप्रिल १९६७ रोजीच संसदेच्या आवारात केले होते. म्हणजे बाबासाहेब ठाऊक होते, मान्यही होते. पण तेवीस वर्षे ते दाराबाहेर उभे होते. या सभागृहातील चित्रास दर जयंतीला पुष्पांजली वाहिली जाते. राष्ट्राच्या पूर्वजांत कोणास गणावयाचे, हे तेथे असे वर्षानुवर्षे ठरत जाते. म्हणून आत आणि बाहेर हा फरक आम्ही किरकोळ मानीत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा त्या आवारात उभा राहण्यास तर ३ डिसेंबर २००३ हा दिवस उजाडावा लागला.