घरी जुळवलेल्या विमानाचे इंजिन (भोर-वेल्ह्याच्या संदर्भात)

हौशी माणसाने संचातून किंवा आराखड्यावरून स्वतः जुळवलेल्या, बहुधा एक-दोन आसनी विमानासाठी योग्य इंजिन ठरवणे, हा या नोंदीचा विषय. संचात सांगाडा, पंख, शेपटी, चाके असा ऐवज येतो. इंजिन बहुतेक वेळा वेगळे विकत घ्यावे लागते आणि एकूण खर्चाचा मोठा वाटा तेच खाते. माहितीपत्रकातले आकडे समुद्रसपाटीचे, थंड हवेचे आणि शुद्ध इंधनाचे असतात. ते सह्याद्रीत किती उरतात हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके येथे उदाहरण म्हणून घेतले आहेत. या दोन्ही तालुक्यांत धावपट्टी नाही. परंतु बारामतीहून किंवा पुण्याहून कोकणाकडे निघालेल्या छोट्या विमानाला अनेकदा हाच मुलूख ओलांडावा लागतो.

इतिहास : प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. ऑर्व्हिल व विल्बर राइट यांना हव्या त्या वजनात इंजिन करून द्यायला कोणी कारखानदार पुढे आला नाही. तेव्हा त्यांच्या सायकल दुकानातले यंत्रज्ञ चार्ली टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन घडवले. त्याची क्रँककेस ॲल्युमिनियमची होती आणि शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधू उडाले ते त्याच्याच जोरावर. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापली आणि घरबांधणीला संघटित रूप आले. बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझी’चा पहिला नमुना १९७५ मध्ये फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावर उडाला, पण लोकांना आराखडे देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी विमान थोडे मोठे करून त्यात काँटिनेंटल ओ-२०० हे विमानाचेच इंजिन घातले. इंजिन बदलले की विमान बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. त्याच्या शक्तियंत्राचे तपासता येईल असे समकालीन वर्णन नसल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही.

महाराष्ट्रातील ठळक काम कॅप्टन अमोल यादव यांचे. प्रवासी विमानांचे वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते संचातले नव्हते, रचनाही त्यांचीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आली आणि २०२० मध्ये धुळ्याला चाचणी झाली. गच्चीवर सांगाडा उभा करता येतो हे यादव यांनी सिद्ध केले, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. इंजिन मात्र गच्चीवर घडत नाही, ते निवडावेच लागते.

संस्थांनाही ही निवड एका फटक्यात जमलेली नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंस’ या दोन आसनी विमानाच्या आरंभीच्या नमुन्यांत काँटिनेंटल आयओ-२४० होते. ‘हंस-३’ला पुढे टर्बोचार्जर असलेले रोटॅक्स ९१४ मिळाले, आणि ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडालेल्या ‘हंस-एनजी’ला इंधन-फवारणीचे रोटॅक्स ९१२ आयएस.

अश्वशक्ती व हवेची घनता : भोर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान ११° से. धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३८° से.वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाच्या हिशेबी विमान सुमारे १,६०० मी. उंचीवर असते. तोरण्याचा माथा १,४०३ मी. आहे. म्हणजे विमान भोरच्या पातळीवर उभे असतानाच त्याचे इंजिन प्रमाण हवेतल्या तोरण्याच्या माथ्यापेक्षा विरळ हवा ओढत असते. वैमानिक याला घनता-उंची म्हणतात.

टर्बोचार्जर नसलेले इंजिन या हवेत आपल्या शक्तीचा सुमारे सहावा भाग गमावते. ८० अश्वशक्तीचे इंजिन ६७ वर येते. एवढ्यावर कोणी घाबरणार नाही, पण खरा तोटा चढण्यात होतो. ४५० किग्रॅ. वजनाचे विमान उदाहरणाला घेऊ. चढतानाच्या वेगाला नुसते तरंगत राहण्यासाठी त्याला पंख्याकडून २५ अश्वशक्ती लागते आणि पंखा इंजिनाच्या शक्तीपैकी ७० टक्के कामी आणतो, असे धरू. समुद्रसपाटीला ८० पैकी ५६ हाती लागतात, २५ वजा जाता ३१ चढायला उरतात आणि विमान सेकंदाला सुमारे ५.२ मी. चढते. भोरच्या उन्हात हाती ४७ येतात. विरळ हवेत वेग जास्त ठेवावा लागल्याने तरंगण्याची गरजही २७ होते. उरतात २०, आणि चढण येते सेकंदाला ३.४ मी.वर. शक्ती सहाव्या भागाने घटली, चढण तिसऱ्या भागाहून जास्त घटली. सह्याद्रीच्या धारेवरून पश्चिमेचा वारा सुटलेला असला की पूर्वेच्या उतारावर हवा खाली कोसळते. ती सेकंदाला तीन मीटरने खाली येत असेल, तर या विमानाची जवळजवळ सारी चढण तिथेच संपली. डोंगराळ भागासाठी इंजिन घेताना माहितीपत्रकातली अश्वशक्ती पाहू नये, तापलेल्या दुपारी तरंगून उरणारी अश्वशक्ती मोजावी. या मुलखात ८० आणि १०० मधला फरक म्हणूनच चैनीचा ठरत नाही. रोटॅक्स ९१४ सारखे टर्बोचार्जरचे इंजिन या उंचीवर आपली शक्ती टिकवते, पण त्याचे वजन, उष्णता आणि देखभाल वाढते.

प्रचलित इंजिने : दोन घराणी महत्त्वाची. अमेरिकेतील लायकॉमिंग व काँटिनेंटल यांची इंजिने मोठ्या घनफळाची, हवेने थंड होणारी आणि संथ असतात. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो. काँटिनेंटल ओ-२०० सुमारे ३.३ लिटरमधून मिनिटाला २,७५० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देते. लायकॉमिंग ओ-३२० सुमारे ५.२ लिटरचे, १५० ते १६० अश्वशक्तीचे. दुसरे घराणे ऑस्ट्रियातील गुन्सकिर्खेनच्या रोटॅक्सचे. त्यांचे ९१२ यूएलएस केवळ १,३५२ घसेंमी.मधून तेवढीच १०० अश्वशक्ती काढते, पण त्यासाठी मिनिटाला ५,८०० फेऱ्या घेते. १.७३ मी. व्यासाचा पंखा या गतीने फिरवला तर त्याची टोके सेकंदाला सव्वापाचशे मीटर जातील, म्हणजे ध्वनीपेक्षा कितीतरी जलद. आवाज होईल, ओढ मिळणार नाही. म्हणून पुढे २.४३ पट गती उतरवणारी गिअरबॉक्स असते. या इंजिनाचे सिलिंडर हवेने आणि हेड पाण्याने थंड होतात. चढताना विमान संथ आणि इंजिन पूर्ण जोरात असते तेव्हा हेडचे तापमान आवाक्यात राहते, हा उन्हाळी प्रदेशात मोठाच फायदा. एनसीसीच्या छात्रांना उड्डाण शिकवणारे ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ हे विमान ९१२ मालिकेतल्या ८० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालते.

ऑस्ट्रेलियाचे जबिरू आणि बेल्जियमचे यूएल पॉवर ही हवेने थंड होणारी, थेट पंख्याची हलकी इंजिने आहेत.

दोन-स्ट्रोक रोटॅक्स ५८२ हलके व स्वस्त म्हणून भारतातील मायक्रोलाइट विमानांत खूप चालले. त्याच्या ओव्हरहॉलची मुदत ३०० तास, तर ९१२ यूएलएसची २,००० तास. या दोन आकड्यांतच बरेच काही आले.

मोटारीचे इंजिन : पिंपरी-चिंचवडच्या दारात राहणाऱ्या माणसाला मोटारीच्या इंजिनाचा मोह होणे स्वाभाविक आहे. परदेशात सुबारू, होंडा आणि सुझुकीची इंजिने विमानांत बसवली गेली आहेत. त्यातले सुझुकीचे १.३ लिटर जी१३ आपल्याकडे मारुती जिप्सी आणि एस्टीममुळे गॅरेजवाल्यांच्या चांगल्या ओळखीचे. ही इंजिने वाईट नाहीत. रस्त्यावर मोटार आपल्या शक्तीचा लहानसा भागच सतत वापरते, विमान मात्र उड्डाणभर दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. सिलिंडर-ब्लॉक हे सहसा सोसतो. अडते ते जोडकामात : गिअरबॉक्सचा पिळाचा कंप, रेडिएटरला पुरेशी हवा आणि एकाच बॅटरीवर टांगलेले इग्निशन. विमानाच्या इंजिनात दोन स्वतंत्र इग्निशन आणि दर सिलिंडरला दोन प्लग असतात. पारंपरिक मॅग्नेटोला बॅटरीची गरजही लागत नाही. ज्याला हे जोडकाम स्वतः आखता, मोजता आणि जमिनीवर शेकडो तास चालवून पाहता येते, त्यानेच या वाटेला जावे.

इंधन : आज भारतात इंजिनाची निवड खरी ठरते ती येथे. पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. रोटॅक्स ९१२ मालिकेला १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, लायकॉमिंग इथेनॉलमिश्रित इंधन मान्यच करत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या रबरी नळ्या व सील मऊ करते, काही फायबरग्लास टाक्यांचे रेझिन सोडवते. पावसाळ्यात वेल्ह्यासारख्या दमट भागात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. इंधन तळातून ओढले जाते, त्यामुळे हा थर आधी इंजिनात जातो.

तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यात आधी १० मिलि. पाणी घ्यावे, वर १०० मिलि. पेट्रोल ओतावे, बूच लावून चांगले हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. शुद्ध पेट्रोल असेल तर तळाचे पाणी १० च्या खुणेवरच राहते. २० टक्के मिश्रण असेल तर इथेनॉल पाण्यात उतरून तळाचा थर ३० च्या जवळ चढतो. दर पिंपाला ही चाचणी करावी.

पर्याय विमानाच्या पेट्रोलाचा, म्हणजे एव्हीगॅस १००एलएलचा. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यातून ते काढायला सुरुवात केली. त्यात इथेनॉल नसते, ते टिकते आणि उन्हात सहजी वाफाळत नाही. पण त्यात शिसे असते. लायकॉमिंग-काँटिनेंटलची घडणच अशा शिसेयुक्त इंधनावर झाली आहे. रोटॅक्स ते चालवून घेते, मात्र शिशाचा गाळ तेलात व प्लगांवर बसत असल्याने तेल लवकर लवकर बदलावे लागते. तेव्हा क्रम असा असावा : आधी वर्षभर कोणते इंधन नक्की मिळेल ते ठरवावे, मग इंजिन.

कार्ब्युरेटरमधील बर्फ : आपल्याकडे याची भीती नाही, हा समज घातक आहे. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना कार्ब्युरेटरच्या आत तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्याजवळ हवा २२-२३° से. आणि ओलाव्याने भरलेली असते. बर्फ धरायला ही हवा सोयीची असते. उतरताना थ्रॉटल कमी केला की धोका वाढतो. खूण अशी : फेऱ्या हळूहळू उतरतात, इंजिन खडखडते, आणि गरम हवेची कळ ओढली की आधी आणखी बिघडते, मग सुधारते. नवशिका मधल्या टप्प्यावर घाबरून कळ परत ढकलतो. काँटिनेंटल ओ-२०० या दोषासाठी प्रसिद्ध आहे. इंधन-फवारणीच्या इंजिनात हा प्रश्न उरत नाही. ९१२ यूएलएसला कार्ब्युरेटर गरम ठेवण्याची सोय वेगळी बसवावी लागते आणि येथे ती बसवावीच.

इंजिन बंद पडल्यास : छोटे विमान १ मी. खाली येताना साधारण ९ मी. पुढे जाते. जमिनीपासून ३०० मी.वर इंजिन थांबले तर हाती पावणेतीन किलोमीटर असतात, तेही वारा नसताना. भोरच्या पूर्वेला, नीरेच्या काठाने तेवढ्यात शेत सापडू शकते. पश्चिमेला भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी व पानशेतचे फुगवटे, त्यांच्यामध्ये धारा, आणि उतारावर बांधबंदिस्तीची भातखाचरे. विमान टेकवण्याजोगी लांब सपाटी क्वचितच. म्हणून या टापूसाठी अवघ्या ३०० तासांत ओव्हरहॉल मागणारे दोन-स्ट्रोक इंजिन घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वजन व बैठक : संचाच्या रचनाकाराने इंजिनासाठी नेमून दिलेल्या वजनापलीकडे जाऊ नये. नाकाशी दहा किलो वाढले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि नाक उचलायला शेपटी अपुरी पडू शकते.

कायदा : नोंदणी व उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून घ्यावी लागते.

सुटे भाग : लायकॉमिंगचे भाग व जाणकार यंत्रज्ञ उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या आसपास मिळतात, कारण त्यांची सेसना जातीची विमाने त्याच इंजिनांवर चालतात. रोटॅक्सच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे पडदे आणि इंधनपंप तास भरोत न भरोत, ठरल्या वर्षांनी बदलायचे असतात. आठवड्यातून एकदाच उडणाऱ्या हौशी विमानाला ही वर्षांची मुदत तासांच्या आधी गाठते. त्यामुळे वर्षाला पन्नास तासही न उडणाऱ्याने देखभालीचा हिशेब तासांवर न मांडता वर्षांवर मांडावा.