चेहऱ्याची गोळी

लासुर्ण्यात ‘मुरूम’ म्हटलं की आधी आठवतो तो ट्रॉलीनं आणून शेतरस्त्यावर पसरलेला. चेहऱ्यावरच्याला जुनी माणसं पुटकुळ्या म्हणतात, बाकी सगळे पिंपल. ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांपलीकडे फारसा गेला नाही, आणि त्यातलं ‘तारुण्य’ दिशाभूल करणारं आहे. तिशी-पस्तिशीच्या, दोन मुलांच्या आया झालेल्या कितीतरी बायकांच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं पाळीच्या आधी ठणकणाऱ्या गाठी येतात, नंतर बसतात आणि काळे डाग ठेवून जातात. ‘ह्या वयात कसले पिंपल’ हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

यातल्या काहींना बारामतीच्या किंवा पुण्याच्या डॉक्टरकडून हार्मोनची गोळी मिळते. तिची सख्खी नाहीतर चुलत बहीण घरात आधीच येऊन गेलेली असते. कधी संततिनियमनाची गोळी म्हणून, कधी गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणून. एकाच कुळातल्या औषधाला आपण कुठलं नाव देतो त्यावर ते कुणी घ्यायचं, देणाऱ्यानं काय विचारायचं आणि त्रास झाला तर तो कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे सगळं ठरत आलं आहे. ही गोष्ट त्या नावांची आहे.

हार्मोन माहीत नव्हते तेव्हाही पुटकुळ्यांचा वयाशी संबंध लोकांच्या लक्षात आला होता. सुश्रुतसंहितेत त्यांची गणती क्षुद्ररोगांत आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यासारख्या पुळ्या, कफ-वात-रक्तानं होणाऱ्या; नाव मुखदूषिका. ज्यानं काटेसावरीचं खोड जवळून पाहिलंय त्याला ही उपमा पटेल. पुढच्या काळात या निरीक्षणाला नीतिमत्ता चिकटली. आपल्याकडे ‘लग्न झालं की जातील’, युरोपातल्या जुन्या वैद्यकातही ब्रह्मचर्य नाहीतर हस्तमैथुन अशी कारणं दिलेली सापडतात. चेहरा म्हणजे चारित्र्याचा दाखला, असा दोन्हीकडे समज.

याला पहिला ठोस धक्का दिला अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टननं, 1941 मध्ये. वृषणं काढलेल्या किंवा ती न वाढलेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की येतात, हे त्यानं दाखवलं. म्हणजे दोष तळलेल्या भज्यांचा नाही आणि मनातल्या विचारांचाही नाही. टेस्टोस्टेरॉन व त्याच्या जातीची द्रव्यं, म्हणजे अँड्रोजेन्स, त्वचेतल्या तैलग्रंथींना तेल वाढवायला लावतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. बायकांच्या शरीरातही अँड्रोजेन्स असतात, थोडी. रक्ततपासणीत ती ‘नॉर्मल’ आली तरी त्वचा त्यांना जास्त दाद देत असू शकते. म्हणून रिपोर्ट चांगला आणि चेहरा वाईट, असं सर्रास होतं.

दहा वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1951 रोजी, मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासीच्या हाताखाली काम करणाऱ्या लुईस मिरामॉन्तेस या विद्यार्थ्यानं नॉरएथिस्टेरॉन बनवलं. कच्चा माल मेक्सिकोतल्या जंगली कंदांतून आलेला. पोटात घेता येणारं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हे द्रव्य रचनेनं मात्र टेस्टोस्टेरॉनचं नातलग आहे. त्यामुळे काही बायकांना त्यानं उलट मुरूम येतात. लासुर्ण्यातल्या बायकांच्या आयुष्यात हार्मोनची गोळी पहिल्यांदा येते ती बहुधा हीच.

लासुर्णे बारामती–इंदापूर रस्त्यावर आहे. तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण झालं की इथून अंथुर्ण्याकडे जाते. त्या दिवशी घरोघर स्वयंपाक असतो. वारकऱ्यांत विटाळाचं अवडंबर तुलनेनं कमी. घरात मात्र देव्हारा आणि चूल यांचे नियम वेगळे. श्रावणातला सत्यनारायण, तीन दिवसांच्या गौरी, दिराचं लग्न. तारीख जवळ आली की कुणालातरी मेडिकलमध्ये पाठवलं जातं, दुकानदार पट्टीतून लागतील तेवढ्या गोळ्या कात्रीनं कापून देतो, चिठ्ठी मागतोच असं नाही. नेहमीचं प्रमाण 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो. रोज 10 ते 20 मिलिग्रॅम घेतलं तर 20 ते 30 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेली संततिनियमनाची गोळी घेतल्यासारखंच. म्हणजे रक्ताची गुठळी होण्याचा जो थोडासा धोका त्या गोळीला आहे तो इथेही येतो. ज्या घरात संततिनियमनाची गोळी ‘गरम पडते’ म्हणून नको असते, त्याच घरात ही चालते. हिचं नाव देवाच्या कामाचं आहे ना.

गोळीला नाव बदलून विकण्याचं याहून गंभीर प्रकरण देशात होऊन गेलं आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची जास्त मात्रेची औषधं एकेकाळी गरोदरपणाची चाचणी म्हणून आणि ‘अडलेली पाळी आणायला’ दिली जात. गर्भावर परिणाम होण्याच्या शंकेमुळे 1982 मध्ये सरकारनं त्यांवर बंदी घातली. उत्पादकांनी मुंबई आणि कलकत्ता उच्च न्यायालयांतून स्थगिती मिळवली आणि औषधं विकली जात राहिली. स्त्री संघटना, औषधांच्या गैरवापराविरुद्ध लिहिणारे डॉक्टर यांनी विषय सोडला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1987 मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या, आणि 1988-89 च्या अधिसूचनांनी जास्त मात्रेच्या गोळ्या आणि ती इंजेक्शनं बंद झाली. अधिसूचनेत एक कंस आहे: संततिनियमनाच्या गोळ्या वगळून. कायद्यालाही शेवटी नावावरूनच विभागणी करावी लागली.

संततिनियमन या नावाचं ओझं आपल्याकडे जुनं आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत केंद्र काढलं, 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि अश्लीलतेचे खटले झेलले. त्यांच्या काळी गोळी नव्हतीच. ती अमेरिकेत संततिनियमनासाठी 1960 मध्ये मंजूर झाली. त्याआधी, 1956 पासून, पोर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांत तिचे प्रयोग झाले. तिथलं काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं होतं की गोळी गर्भधारणा रोखते, पण 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखीसारखे त्रास होतात आणि ती सर्रास वापरण्याजोगी नाही. ग्रेगरी पिंकसनी त्यातला बराचसा त्रास मनाचा म्हणून बाजूला सारला. पुढे मात्रा अनेक पटींनी कमी करावी लागली, यावरून काय ते समजा.

आता चेहऱ्याकडे येऊ. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत रुडोल्फ वीखर्ट यांनी 1961 मध्ये सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट बनवलं तेही प्रोजेस्टेरॉनच्या शोधातच. फ्रीडमुंड नॉयमान यांच्या गटाला गाभण उंदरिणींवरच्या प्रयोगात वेगळंच दिसलं: नर पिल्लं मादीसारखी घडली होती. औषध अँड्रोजेनला अडवत होतं. मग ते इस्ट्रोजेनसोबत घालून 1978 मध्ये जर्मनीत ‘डायान’ आली, आणि इस्ट्रोजेन 50 वरून 35 मायक्रोग्रॅमवर आणल्यावर ‘डायान-35’. ही मुरूम आणि चेहऱ्यावरच्या केसांची गोळी म्हणून मंजूर झाली. तिनं गर्भधारणाही थांबते, पण खोक्यावरचं नाव त्वचेचं.

फ्रान्समध्ये हे दुहेरीपण अंगाशी आलं. तिथे ती संततिनियमनासाठीच सर्रास लिहिली जात होती. जानेवारी 2013 मध्ये तिथल्या औषध नियामकानं जाहीर केलं की 1987 पासून शिरांतल्या गुठळ्यांच्या 125 नोंदी आणि गोळीशी जोडता येतील असे चार मृत्यू आहेत. मे महिन्यात विक्री थांबवली. युरोपीय औषध संस्थेनं मात्र सांगितलं की मलम किंवा अँटिबायोटिक लागू न पडलेल्या स्त्रियांना फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. सोबत दुसरी गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. 2014 च्या सुरुवातीला ती फ्रेंच दुकानांत परतली. आकडे प्रमाणात बघायला हवेत: गोळी न घेणाऱ्या 10,000 तरुण स्त्रियांत वर्षाला सुमारे 2 जणींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर 5 ते 7, आणि सायप्रोटेरॉनच्या गोळीचा धोका त्याच्या दीड ते दोन पट. गरोदरपणात तो याहून जास्त असतो. धोका लहान आहे, पण तो सगळ्यांना सारखा नाही. सिगरेट, वाढलेलं वय, लठ्ठपणा, घरात कुणाला गुठळी झालेली असणं, आणि विशिष्ट प्रकारची अर्धशिशी. म्हणजे विचारणं आलं.

मला विचारलं गेलं नाही. एकतिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका डॉक्टरनं ही गोळी लिहून दिली. ‘लग्न झालंय का?’ एवढा एक प्रश्न. अर्धशिशीच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात, हे सांगायचा प्रसंगच आला नाही. पिंपलचा आणि डोक्याचा काय संबंध? त्याच दिवसांत लासुर्ण्याला गेले तेव्हा 21 गोळ्यांचं पाकीट आत्याच्या हाती लागलं.

“कसल्या गं गोळ्या? माला-डी हाय का काय?”

“नाही आत्या, चेहऱ्याच्या आहेत.”

“मग असू दे.”

आत्याचा अंदाज डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा अचूक होता. चेहरा तिसऱ्या महिन्यापासून खरंच निवळला. सोबत डोकं आठवड्यातून दोनदा धरू लागलं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत रेघांबद्दल विचारलं आणि गोळी त्याच दिवशी बंद केली. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन घेतलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं.

मग स्पायरोनोलॅक्टोन. हे तर रक्तदाब आणि सुजेचं औषध, 1959 पासूनचं. ते घेणाऱ्या पुरुषांची छाती वाढू लागली, त्यावरून ते अँड्रोजेनला अडवतं हे उमगलं. मुरमांसाठी ते अनेक दशकं जवळजवळ अनुभवाच्या जोरावर दिलं गेलं. मोठी चाचणी व्हायला 2023 उजाडलं. ब्रिटनमधल्या 410 स्त्रियांच्या त्या चाचणीत औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं, पण फरक बारा आठवड्यांपेक्षा चोवीस आठवड्यांनी जास्त दिसला. डोकेदुखी काहीशी वाढली: 20 टक्के विरुद्ध 12. आमच्याकडे मुख्य तक्रार दुसरीच. लघवी वाढते. स्वारगेटहून इंदापूरची एसटी पकडणाऱ्या बाईला हा ‘किरकोळ’ दुष्परिणाम वाटणार नाही. स्टँडवरचं स्वच्छतागृह आठवून मी सकाळची गोळी रात्री घरी पोचल्यावर घ्यायचे. शिवाय महिन्यात दोनदा पाळी, स्तन दुखणं. आणि गरोदर राहायचं नाही हे बजावलेलं, कारण मुलगा असेल तर गर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो.

हल्ली या सगळ्याला एक नवं, सोयीचं नाव मिळालं आहे: पीसीओडीची गोळी. आजार खोटा नाही. मुंबईत 15 ते 24 वयाच्या मुलींच्या एका अभ्यासात तो एका निकषानं 22.5 टक्के आणि दुसऱ्या, कडक निकषानं 10.7 टक्के निघाला. निकष बदलला की रुग्ण निम्मे होतात, हे लक्षात ठेवण्यासारखं. पण नावाचा उपयोग असा की लग्न न झालेल्या मुलीला आईच्या देखत ही गोळी घेता येते. साध्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या एकत्रित गोळ्यांनीही मुरूम कमी होतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. त्याच घटकांची माला-एन सरकारी केंद्रात फुकट मिळते. आशाताईकडे जाऊन ती मागणारी कॉलेजातली मुलगी मला तरी माहीत नाही.

डॉक्टरपर्यंत न पोचणाऱ्यांसाठी मलमाची ट्यूब आहे. ‘गोरं होण्याचं’ किंवा ‘पिंपलचं’ म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि तेही हार्मोनच. 2011 मध्ये छापलेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण असं मलम लावत होते. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणं किंवा वाढणं. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

त्रास झाला तर कळवायची सोयही आहे. 2010 पासून देशात औषधदक्षतेचा कार्यक्रम चालतो, 1800-180-3024 हा फुकट नंबर आहे, रुग्णानं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. त्यात औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून घेतलं, काय झालं, अशा रकाने आहेत. आणखी एका रकान्यात औषध कशासाठी घेतलं ते लिहायचं असतं. गौरींसाठी कापून आणलेल्या नऊ गोळ्यांनंतर जिच्या हनुवटीवर गाठी उठल्या, तिनं तिथे काय लिहायचं ते मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “सण होता म्हनून लिही की.”