पोर्ट २५ला आतून कडी का?

चोर आत शिरू नये म्हणून दार लावतात, हे कुणालाही पटतं. पण आतल्या कॉम्प्युटरला बाहेर जाताना फायरवॉलने का अडवायचं? ऑफिसात नवा माणूस आला की हा प्रश्न येतोच. मग मी त्याला पोर्ट २५ची गोष्ट सांगतो.

ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहिले. पत्र देणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यांत नव्हती. शिवाय तुम्ही-आम्ही पेटीत पत्र टाकणं आणि एका पोस्टाने दुसऱ्या पोस्टाला थैली धाडणं, ही दोन्ही कामं एकाच पोर्ट २५वरून व्हायची. पुढचं सगळं दुखणं इथलंच, असं माझं ठाम मत आहे.

नव्वदच्या दशकात स्पॅमवाले डायल-अप घेऊन थेट समोरच्याच्या मेल सर्व्हरवर पत्रं ओतू लागले. काही इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांना बाहेरचं पोर्ट २५ बंद केलं. त्यात सरळमार्गी माणूसही अडकला. घरून ऑफिसचा मेल सर्व्हर वापरायचा, तर रस्ता तोच होता.

डिसेंबर १९९८मध्ये रँडल गेलेन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी आरएफसी २४७६मध्ये ही दोन कामं वेगळी केली. माणसांनी मेल पोर्ट ५८७वर द्यायचं, २५ सर्व्हरांच्या आपापसातल्या देवाणघेवाणीला. २००३मध्ये सोबिग व्हायरसने घरोघरचे पीसी स्पॅमच्या कामाला जुंपले, आणि या वाटणीचं मोल कळलं: माणसांचं मेल न अडवता २५ बंद करता येत होतं. २००७चा आरएफसी ५०६८ तर इंटरनेट कंपन्यांना बजावतो की ५८७ अडवायचं नाही.

आमच्या फायरवॉलमध्ये २५ अडवायला दोनच ओळी आहेत. वरची मेल सर्व्हरला २५वर जाऊ देते. खालची बाकी सगळ्यांना अडवते आणि लॉगमध्ये नोंद करते. नियम वरून खाली वाचले जातात, त्यामुळे ओळी उलट्या लागल्या तर कंपनीचंच मेल बंद पडेल.

एका रात्री त्या लॉगमध्ये अकाउंट्सचा एक पीसी दिसला. ऑफिसात कुणी नव्हतं, आणि तो दर सेकंदाला नव्या पत्त्याच्या पोर्ट २५वर धडका देत होता. सकाळी मी त्याची नेटवर्क केबल काढली, तेव्हा तिथे बसणाऱ्या ताई चकित झाल्या. त्यांचं मेल ५८७वरून रोज व्यवस्थित जात होतं.