खापराची शाळा

माझी मावसबहीण अमेरिकेत तिच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात सिरॅमिक्स शिकायला जाते. फोनवर सांगत होती, वर्गात एक निवृत्त नर्स आहे, एक ट्रक चालवणारा आहे, दोन-तीन कॉलेजची पोरं आहेत आणि ही. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. शेवटी तिने विचारलं, "आपल्या लोणखेड्याला असं काही शिकता येतं का रे?"

आता लोणखेडा म्हणजे काही शिक्षणाच्या नावाने कोरडं गाव नव्हे. शहाद्याला खेटून असलेल्या या गावात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचा एवढा मोठा परिसर आहे, आसपासच्या कितीतरी खेड्यांतली मुलं तिथे शिकायला येतात. पण मातीकामाचा वर्ग माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून तिला 'नाही' म्हणालो. मग फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर पुरतं खरं नाही. आपल्या भागात ही विद्या किमान चार हजार वर्षं शिकवली जातेय. फक्त तिला कुणी कॉलेज म्हटलं नाही, एवढंच.

आधी तिकडचं सांगतो. अमेरिकेत मातीकामाचं विद्यापीठीय शिक्षण १८९४ मध्ये ओहायो राज्यात सुरू झालं. १९०० मध्ये न्यूयॉर्क राज्याने आल्फ्रेड इथे त्यासाठी वेगळी संस्था काढली. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, जोलिएट गावी पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज उघडलं. १९४७ मध्ये ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात १९२४ पासून सिरॅमिक्स शिकवायला लागले आणि १९५० मध्ये कलकत्त्याला केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था निघाली. पण ते शिक्षण मुख्यतः कारखान्यांसाठी होतं. त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, मुंबईच्या जेजे कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाची कार्यशाळा काढली होती. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या नक्ष्यांची तिथली भांडी भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही बघता येतात. फार देखणी आहेत. पण ती दिवाणखान्यात ठेवायची, चुलीवर नाही.

चुलीवरच्या भांड्यांची शाळा वेगळीच होती. ती कुंभाराच्या अंगणात भरायची.

आपली तापीकाठची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण भांड्याला वैरी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. नुसत्या तिचं मडकं केलं तर वाळतानाच तडकणार. म्हणून कुंभार नदीचा किंवा तळ्याचा गाळ शोधतो, त्यात राख, लीद, बारीक रेती मिसळतो. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी सूक्ष्म छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. चुलीवरच्या भांड्यात रेतीचं प्रमाण जास्त, कारण एका बाजूने जाळ लागला तरी ते फुटता कामा नये. आपलं खापर घ्या ना! ज्यावर हातभर रुंद मांडे भाजले जातात ते. घुमटासारखं उपडं, खाली धडधडता जाळ, वर पातळ ओली पोळी. हे सगळं सोसणारी माती कालवणं हा अभ्यासच आहे. त्याचं पुस्तक नाही, पण चुकलं की आव्यात अख्खा लॉट फुटतो, म्हणजे परीक्षा आहेच :)

ही शाळा किती जुनी? ते पाहायला लोणखेड्याहून पंधराएक किलोमीटरवर प्रकाशाला जायचं. तापी-गोमाईच्या संगमावरचं आपलं प्रकाशा, दक्षिण काशी. आपण तिथे केदारेश्वराला जातो, घाटावर उतरतो, दिवे सोडतो. पण गाव ज्या पांढरीच्या टेकाडावर आहे, ती टेकडी नुसती मातीची नाही, माणसांच्या वस्त्यांवर वस्त्या साचून झालेली आहे. १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. त्यांना चार कालखंड सापडले. सगळ्यात खालचा ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात माळव्याच्या धाटणीची रंगवलेली भांडी होती, राखाडी भांडी होती, आणि त्याच कालखंडाच्या वरच्या भागात जोर्वे पद्धतीची, लाल अंगावर काळी नक्षी असलेली भांडी आली. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खोदलं म्हणून ते नाव. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली ही भांडी. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. तोटीचं भांडं ही त्यांची ओळख.

आणखी एक नाव आपल्या अगदी घरचं आहे. तापीकाठच्या सावळदा गावावरून अभ्यासकांनी 'सावळदा संस्कृती' असं नाव दिलं. ती जोर्वेपेक्षाही जुनी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. प्रवरेकाठच्या दायमाबादच्या उत्खननातही सगळ्यात खालच्या थरात सावळद्याचीच भांडी मिळाली. त्यांच्यावर बाणांची टोकं, गळ, पशुपक्षी, झाडं काढलेली असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विद्यार्थी ज्या गावाचं नाव पाठ करतात, ते आपल्या शेजारचं गाव आहे आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

या लोकांना आगीवरचा ताबाही होता. मातीतल्या लोहाला भाजताना भरपूर हवा मिळाली तर भांडं लाल होतं, हवा कोंडली तर राखाडी-काळं. एकाच भांड्याचं तोंड काळं आणि बूड लाल, असंही त्यांनी केलेलं आहे. भट्टीत भांडं उपडं ठेवलं की तोंडाकडे हवा पोचत नाही, अशी त्याची एक उपपत्ती सांगतात. सिरॅमिक्सच्या आजच्या वर्गातही हे सगळं शिकवतात.

आता मला खरं जे सांगायचंय ते. प्रकाशाच्या पहिल्या आणि दुसऱ्या कालखंडांच्या मध्ये खंड आहे. वस्ती उठली, कित्येक शतकं गेली, मग लोखंड वापरणारे लोक आले. त्यांची भांडी चांगली होती, पण वेगळी. जोर्वेची ती लाल-काळी नक्षी पुन्हा परत आली नाही. भीमेच्या खोऱ्यात इनामगावला हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे वस्ती चालू राहिली, पण उत्तर जोर्वे काळात भांडी ओबडधोबड होत गेली, नक्षी कमी होत गेली. पाऊसमान घटलं, शेती मोडली, लोक गुरंमेंढरं घेऊन फिरू लागले, असं मधुकर ढवळीकरांनी मांडलं. कारण काहीही असो, कला एका दिवसात मरत नाही. आधी नक्षी जाते, मग घाट जातो, मग एक दिवस शिकवणाराच उरत नाही.

हे आधुनिक काळात होऊ नये म्हणून काही माणसांनी प्रयत्न केले. १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पांनी तो वर्ध्याला मगनवाडीत चालवला. त्याच वाटेने पुढे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला. बेळगाव जिल्ह्यात, आपल्या मराठी मुलखात, खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था झाली. विचार सोपा होता. कुंभाराचं ज्ञान आणि शास्त्राचं ज्ञान एका छपराखाली आणायचं. पण तोवर घरोघर ॲल्युमिनियम आलं, मग स्टील, मग प्लॅस्टिक. बलुतं गेलं. कुंभाराच्या मुलाने विटांच्या भट्टीवर जाणं किंवा सुरत गाठणं यात त्याचा काय दोष? चाकावरच राहा, असं त्याला सांगायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणूनच मला वाटतं, ही विद्या जातीच्या अंगणातून बाहेर काढून सगळ्यांसाठी वर्गात आणली पाहिजे आणि तिथे कुंभारालाच सन्मानाने, पगार देऊन, गुरुजी म्हणून बसवलं पाहिजे. पुरातत्त्ववाल्यांना खापर ओळखता येतं, पण सहसा घडवता येत नाही. कुंभाराला घडवता येतं, पण त्याच्या हाताला प्रमाणपत्र नाही. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला लोह का लाल होतं ते सांगता येतं. लोणखेड्यासारख्या ठिकाणी यांना एकत्र बसवायला चाक, गाळ आणि एक भट्टी पुरे. निवृत्त मास्तर, शेतकरी, घरातल्या बायका, कुणीही यावं.

तोवर एक काम मात्र आपण करू शकतो. दर आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो, ती अजूनही बहुतेक घरांत मातीची असते. ती घागर कोणत्या गावच्या कुंभाराकडून यायची, तिच्यावरच्या छोट्या भांड्याला तुमच्या घरी काय म्हणतात, खापर कुणाकडचं टिकायचं, रांजण, डेरा, परळ, बोळकं यांखेरीज आणखी कोणती नावं आजी-मावशींच्या तोंडात आहेत, हे विचारून ठेवा. मला लिहून पाठवलंत तर मी एकत्र करीन. पुढच्या आखाजीच्या आत यादी पुरी करायचा विचार आहे.