सागरी शैवले : वर्गीकरणाचा इतिहास

समुद्रकिनाऱ्यालगत खडकांवर वा उथळ पाण्यात वाढणारी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी शैवले. त्यांच्या शरीरात खरी मुळे, खोड व पाने असा भेद नसतो. अशा साध्या शरीरास कायक म्हणतात. कोकण किनाऱ्यावर हिरव्या शैवलांपैकी अल्व्हा व कॉलर्पा, पिंगल शैवलांपैकी सारगॅसम व पॅडिना आणि लाल शैवलांपैकी ग्रॅसिलॅरिया व हिप्निया ह्या प्रजाती आढळतात. ओझा व झैदी यांच्या २००१ च्या सूचीत भारतातील ८४४ जाती असून त्यांपैकी ४३४ लाल शैवलांच्या आहेत. ठळक बाह्य लक्षणे थोडी आणि लाटा, प्रकाश व क्षारता यांनुसार बदलणारा आकार यांमुळे त्यांचे वर्गीकरण दीर्घकाळ अनिश्चित राहिले.

कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये शैवलांच्या गटात १४ प्रजाती घातल्या. त्यांपैकी केवळ चार आजच्या अर्थाने शैवलांच्या ठरतात, कारण शैवाक व यकृतका यांचाही समावेश त्यांत होता. सॅम्युएल ग्मेलिन यांनी १७६८ मध्ये केवळ सागरी शैवलांना वाहिलेला पहिला ग्रंथ लिहिला. विल्यम हार्व्ही यांनी १८३६ मध्ये रंगावरून हिरवी, पिंगल व लाल असे गट पाडले. रंगद्रव्ये ही कोशिकेच्या मूलभूत रासायनिक घडणीची निदर्शक असल्याने हे गट बव्हंशी टिकून राहिले.

पुढे प्रजोत्पादन व जीवनचक्र यांना महत्त्व आले. कॅथलीन ड्र्यू यांनी १९४९ मध्ये दाखविले की, शिंपल्यांत वाढणारे व काँकोसेलिस या स्वतंत्र नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म तंतुमय शैवल ही पॉर्फिराचीच एक अवस्था आहे. या शोधामुळे जपानमधील नोरीच्या लागवडीस शास्त्रीय आधार मिळाला. याच गटातील एक जाती पावसाळ्यात कोकणात लाटांचा मारा असलेल्या खडकांवर उगवते. १९६२ मध्ये पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस असे नाव मिळालेली ही जाती पुढे पायरोपिया व २०२० मध्ये फायकोकॅलिडिया या प्रजातीत घालण्यात आली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया डॅनिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक बर्गेसन यांनी घातला. १९२७-२८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन त्यांनी मुंबईच्या मलबार हिलसारख्या ठिकाणांहून नमुने जमविले आणि १९३० ते १९३४ या काळात मुंबई इलाख्यातील शैवलांवर लेखमाला प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मद्रास येथे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी भारतीय शैवलविज्ञानाची परंपरा निर्माण केली. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था (१९५४) आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) यांनी हे कार्य पुढे नेले.

डीएनएच्या परीक्षणाने जुने प्रश्न नव्याने उभे राहिले. अल्व्हाचा कायक पातळ पत्र्यासारखा, तर एंटेरोमॉर्फाचा पोकळ नळीसारखा. या भेदावरून १८२० पासून ह्या दोन प्रजाती वेगळ्या मानल्या जात. २००३ मध्ये त्या एकच ठरल्या, म्हणजे लिनीअस यांची मूळ मांडणी योग्य होती. २०१९ मध्ये लिनीअस यांच्या संग्रहातील अल्व्हा लॅक्ट्यूकाच्या मूळ नमुन्याचे परीक्षण झाले. हे नाव यूरोपच्या थंड किनाऱ्यांवरील वनस्पतीला चुकीने लावले जात होते आणि मूळ नमुना उष्ण समुद्रांतील अल्व्हा फॅसिएटाचा होता, असे त्यावरून आढळले. मुंबईच्या खडकांवरून या दुसऱ्या नावाने नोंदलेल्या शैवलाचे नावही त्यामुळे बदलले.

असा निर्णय केवळ छापील सूचीवरून करता येत नाही. त्यासाठी कागदावर वाळवून जपलेला नमुनाच लागतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्याचा काही भाग बॅकबे योजनेच्या व २०१८ नंतर किनारी रस्त्याच्या भरावाखाली गेला आहे. मालवणचा किनारा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून राखीव झाला; पण जेथे किनाराच उरला नाही, तेथे पूर्वी कोणत्या जाती होत्या, हे ठरविण्यास जुने संग्रह हाच आधार आहे. जतन न झालेल्या नमुन्याची नोंद पुन्हा तपासता येत नाही. म्हणून स्थळ व दिनांक यांसह नमुने जतन करणे हे वर्गीकरणाचे पूरक नव्हे, तर पायाभूत कार्य होय.